काळ्याला काळं राहू द्या

आमची काळी मांजर मोबाइलमध्ये राखाडी येते. प्रत्यक्षात ती काळीकुळकुळीत आहे. संध्याकाळी दिवे लावायच्या आधी खाटेखाली बसली की नुसते दोन डोळे दिसतात. फोटोत मात्र तिला कुणीतरी राख फासल्यासारखी दिसते आणि मागची फिकट पिवळी भिंत पांढरीफटक होऊन जाते.

मोबाइलला दोष देण्यात अर्थ नाही. तो नेमून दिलेलं काम करतो. समोरच्या दृश्याची सरासरी काढली तर ते मध्यम करड्या रंगाचं, म्हणजे साधारण १८ टक्के प्रकाश परतवणारं भरतं, या गृहीतकावर कॅमेऱ्याचं प्रकाशमापन पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे. चौकटभर काळी मांजर आली की त्याला वाटतं, इथे उजेड कमी पडतोय. मग तो उजेड वाढवतो आणि काळी करडी होते. पांढऱ्या मांजरीच्या बाबतीत उलटा प्रकार, ती मळकी येते. हल्लीचे फोन चेहरे, जेवणाची ताटं वगैरे ओळखतात, पण हा जुना स्वभाव पुरता गेलेला नाही.

उपाय सोपा आहे. पडद्यावर मांजरीच्या डोळ्यावर बोट दाबून धरायचं. बहुतेक फोनांत फोकस आणि उजेड दोन्ही तिथेच थांबतात आणि शेजारी सूर्याचं चिन्ह उमटतं. ते बोटानं हळूच खाली ओढायचं. पडदा अंधारतो, जरा धास्ती वाटते, पण तेवढ्यात लव दिसू लागते. सकाळचं ऊन खिडकीतून आडवं आलेलं असेल तर आणखी एक गंमत दिसते. ही बया सगळी काळी नाहीच. पाठीवर, शेपटीच्या बुडाशी तांबूस झाक आहे. उन्हात लोळून लोळून काळ्या मांजरांचे केस असे तांबूस होतात. ही झाक आम्हाला घरात वावरताना कधी दिसली नव्हती.

फ्लॅश मात्र चुकूनही लावू नये. मांजराच्या डोळ्यात मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा थर असतो. अंधुक उजेडात त्याच थरामुळे तिला बरं दिसतं आणि फ्लॅशसमोर त्याचेच हिरवे दिवे पेटतात. एडिटिंगमधलं ‘रेड आय’चं बटण इथे उपयोगाचं नाही. ते लाल ठिपके शोधत बसतं आणि समोर असतो हिरवा. पोर्ट्रेट मोडचंही तेच. मागचं धूसर करताना माणसाची कड त्याला बऱ्यापैकी कळते, मिशा कळत नाहीत. आमच्या मांजरीच्या डाव्या गालावर एकच मिशी पांढरी आहे. तो मोड ती हमखास गिळतो.

बाकी सगळा खेळ संयमाचा. फोन उचलला की ती पाठ फिरवते. मग आई आतून दुधाच्या पातेल्यावरचं झाकण वाजवते, मांजर कान टवकारून बघते, आणि तेवढ्या क्षणात जे काही हाती लागेल ते आपलं. फोन तिच्या डोळ्यांच्या पातळीवर हवा, म्हणजे आपण फरशीवर पालथं पडायचं. वरून काढलेल्या फोटोत मांजर पायपुसण्यासारखी दिसते.

मग एडिटिंग. ‘ऑटो’ दाबलं की ॲप सावल्या उचलतं आणि आपण खाली ओढलेला उजेड परत चढवून ठेवतं. म्हणून ते बटण सोडून द्यायचं. काळं थोडं आणखी खाली, ट्यूबलाइटची हिरवट छटा असेल तर तेवढी काढायची, की थांबायचं. शेजारी वाळत टाकलेला टॉवेल इरेझरनं पुसायचा मोह होतो. मी पुसत नाही. तो टॉवेल तिच्या रोजच्या बैठकीचा भाग आहे.

फोटोत फेरफार करणं हा काही मोबाइलनं आणलेला नाद नव्हे. छायाचित्रकार फिलिप हॉल्समननं १९४८ साली काढलेला चित्रकार दालीचा फोटो प्रसिद्ध आहे. त्यात दाली, पाण्याचा लोट आणि तीन मांजरी एकदमच हवेत दिसतात. त्यासाठी पंचवीसहून अधिक वेळा मांजरी फेकल्या, पाणी उडवलं, पुन्हा सगळं पुसून काढलं. शेवटी खुर्ची हवेत धरणारा हात आणि वस्तू टांगलेल्या तारा फोटोतून नाहीशा केल्या. मांजरींचे हाल झाले हे खरं. पण छायाचित्रात त्या जशा होत्या तशाच राहिल्या.

आमच्याकडे गेल्या महिन्यात उलटं झालं. भाचीनं लग्नाच्या बायोडेटासाठी एका स्टुडिओत फोटो काढून आणला. न सांगता, न विचारता तिला दोन छटा उजळ केलेली. गालावरचा तीळ गायब. नाक तेवढं तिचं होतं. “आत्या, हा फोटो बघून कुणी आलं तर मला ओळखायचं कसं?” ती म्हणाली. मोबाइलला निदान करड्याचं वेड आहे, ते काळ्या-गोऱ्या सगळ्यांना सारखंच लागू होतं. गोरेपणाचं वेड आपलं. ते आपण फोनांतल्या ‘ब्यूटी’ बटणापासून बायोडेटापर्यंत सगळीकडे भरून ठेवलं आहे, आणि त्याला ‘फिनिशिंग’ म्हणतो.

मग तिला त्याच खिडकीपाशी बसवलं. तीच रीत, डोळ्यावर बोट, सूर्य थोडा खाली. सावळा रंग सावळा आला, तीळ जागेवर आला. एडिटिंगमध्ये फक्त फोटो सरळ केला, कारण पायात मांजर घोटाळत होती.

भाऊ जरा चाचरला. “थोडा तरी उजळ केला असता तर...”

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “उजेडच हवा असेल त्यांना, तर ट्यूबलाइट घेऊन जा म्हणावं.”

बायोडेटावर तोच फोटो गेला आहे.