समजून घ्या : आई-बाबा भारतीय झाले, मग मुलीचा पासपोर्ट का अडतो?

उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात २०१२ साली एक मुलगी जन्मली, असं समजा. महापालिकेनं जन्मदाखला दिला. ती शहाडच्या शाळेत जाते, तिच्याकडे आधार कार्ड आहे, घरात सिंधी आणि गल्लीत हिंदी-मराठी बोलते. आई-वडील सिंधमधून दीर्घ मुदतीच्या व्हिसावर इथे आले. २०२१ मध्ये दोघांनाही भारतीय नागरिकत्वाचं प्रमाणपत्र मिळालं. आता दुबईत मामाचं लग्न आहे. घरचे पासपोर्टचा ऑनलाइन अर्ज भरायला बसतात आणि तेव्हा कळतं, की ही मुलगी कायद्यानं भारताची नागरिकच नाही.

ही मुलगी आणि तिचं कुटुंब कल्पित आहे, पण नियम खरा आहे. आंबिवलीहून कल्याणच्या दिशेनं निघालं की पुढचंच स्टेशन शहाड, आणि शहाडला लागून उल्हासनगर. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावणीतून उभं राहिलेलं हे शहर. इथे अजूनही सीमेपलीकडचे नातेवाईक येतात, व्हिसावर राहतात, नागरिकत्वासाठी अर्ज करतात. २०१६ साली केंद्रानं देशातल्या काही निवडक जिल्हाधिकाऱ्यांना पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या अल्पसंख्याकांना नागरिकत्व देण्याचे अधिकार दिले. त्यात ठाण्याचे जिल्हाधिकारीही होते. त्यामुळे हा प्रश्न आपल्यासाठी दिल्लीतला नाही, पुढच्या स्टेशनावरचा आहे.

अर्जातली एक छोटी यादी

पासपोर्टच्या अर्जात एक प्रश्न असतो : तुम्ही भारताचे नागरिक कशामुळे आहात? पर्याय तीनच. जन्मानं, वंशानं, किंवा नोंदणी/नागरिकीकरणानं. आपल्यापैकी बहुतेकजण विचार न करता 'जन्मानं' निवडतात आणि पुढे जातात. या मुलीच्या अर्जात मात्र सगळं इथेच अडतं.

कारण भारतात जन्म झाला म्हणजे नागरिकत्व मिळालं, असं आता नाही. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात इथे जन्मलेला प्रत्येकजण नागरिक होता, अगदी मोजके अपवाद सोडले तर. १ जुलै १९८७ पासून आई किंवा वडील यांपैकी एकजण नागरिक असण्याची अट आली. ३ डिसेंबर २००४ पासून ती आणखी कडक झाली. आता दोघं नागरिक हवेत, किंवा एक नागरिक हवा आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा. आणि हे सगळं पाहायचं ते मुलाच्या जन्माच्या दिवशी. २०१२ मध्ये या मुलीचे आई-वडील दोघंही पाकिस्तानी नागरिक होते. त्यामुळे महापालिकेच्या दाखल्यानं जन्मतारीख आणि जन्मठिकाण सिद्ध होतं, नागरिकत्व होत नाही. आधारचंही तेच. आधार कायद्यातच स्पष्ट लिहिलंय, की तो नागरिकत्वाचा पुरावा नाही.

म्हणजे जी कधी सीमा ओलांडून आलीच नाही, ती कायद्याच्या भाषेत परदेशी. सिंधमधून कडेवर आणलेल्या तिच्या मोठ्या भावाची आणि इथेच जन्मलेल्या तिची अवस्था एकच.

मग आई-वडिलांना मिळालं ते मुलांना का नाही?

इथे माझा मुख्य आक्षेप आहे. नागरिकत्व कायदा, १९५५ नुसार पालकांनी निष्ठेची शपथ घेतली, प्रमाणपत्र हातात आलं, तरी ते फक्त त्यांचं असतं. अल्पवयीन मुलासाठी कलम ५(१)(ड) खाली वेगळा नोंदणी अर्ज करावा लागतो. आणि त्या अर्जासोबत आई आणि वडील दोघांच्याही भारतीय नागरिकत्वाचा पुरावा मागितला जातो. वडिलांचं प्रमाणपत्र आलं आणि आईची फाइल पोलिस अहवालात अडकली, तर मूल आईच्या फाइलमागे थांबणार. दोघांची आली, की मग मुलाची फाइल पहिल्यापासून सुरू : पुन्हा अर्ज, पुन्हा चौकशी, पुन्हा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या खेपा.

इंजिनीअरिंगला शिकवतात ते इथे चपखल बसतं. हे सर्किट सिरीजमध्ये जोडलंय, एक दिवा गेला की पुढचे सगळे बंद. खरं तर ते पॅरलल जोडायला काहीच हरकत नाही. पालकांच्या अर्जाची पडताळणी होते तेव्हा मुलांची नावं, वय, जन्मठिकाण, शाळा हे सगळं त्याच घरातून, त्याच कागदांतून तपासता येतं.

अमेरिकेनं हे सोडवलेलं आहे. तिथला 'चाइल्ड सिटिझनशिप ॲक्ट' २७ फेब्रुवारी २००१ पासून लागू आहे. डोंबिवलीतून न्यू जर्सीला गेलेल्या कुटुंबाचं उदाहरण घ्या. मूल १८ च्या आत आहे, ग्रीन कार्डधारक आहे आणि नागरिक पालकाच्या ताब्यात, त्याच्यासोबत अमेरिकेत राहतं. मग आई किंवा वडील यांपैकी एकानं शपथ घेतली, की त्याच क्षणी मूल आपोआप नागरिक होतं. त्यानंतर पालकाचं प्रमाणपत्र, मुलाचा जन्मदाखला आणि ग्रीन कार्ड दाखवून थेट पासपोर्ट. तिथेही १८ ची रेषा निर्दय आहे, शपथ एक दिवस उशिरा झाली तर मूल बाहेर राहतं. पण दोघांपैकी एकच पालक पुरतो आणि नागरिकत्वासाठी दुसरी फाइल लागत नाही.

'अमेरिकेचं सोडा, आपली सीमा वेगळी, आपले शेजारी वेगळे' हा युक्तिवाद मला मान्य आहे. पण मग आपलाच इतिहास बघू. राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदानं १९ जुलै १९४८ पूर्वी पाकिस्तानातून येऊन इथे राहू लागलेल्यांना नागरिक मानलं. अट होती ती इथल्या वास्तव्याची आणि स्वतःचा, आई-वडिलांपैकी किंवा आजी-आजोबांपैकी कुणाचा तरी जन्म अखंड हिंदुस्थानात झालेला असण्याची. कल्याणच्या छावणीत आईच्या कडेवर आलेलं तान्हं बाळ त्याच ओळीत नागरिक झालं, त्याच्यासाठी वेगळा फॉर्म नव्हता. देश नुकताच फाटलेला असताना हे जमलं.

दुसरं उदाहरण अगदी अलीकडचं. २०१९ च्या दुरुस्तीत (नियम आले मार्च २०२४ मध्ये) पात्र ठरलेल्या व्यक्तीला भारतात प्रवेश केल्याच्या तारखेपासून नागरिक मानण्याची तरतूद आहे. म्हणजे कायद्याला मागची तारीख टाकता येते. त्या नियमांतही नागरिकांच्या अल्पवयीन मुलांसाठी स्वतंत्र अर्ज ठेवलाच आहे, हे मात्र कोडंच.

एकाच घरात दोन रंगांचे पासपोर्ट

याची किंमत काय असते, ते एप्रिल २०२५ मध्ये दिसलं. पहलगाम हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले आणि अटारी सीमेवर कुटुंबं तुटताना सगळ्यांनी पाहिली. आईचा पासपोर्ट भारतीय आणि मुलांचा पाकिस्तानी, म्हणून मुलं एका बाजूला आणि आई दुसऱ्या. हिंदू पाकिस्तानी नागरिकांना आधीच दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम राहतील, असा खुलासा परराष्ट्र मंत्रालयानं केला. पण ज्या घरात पालक भारतीय आणि मूल अजून व्हिसावर आहे, त्या घरात तो खुलासा येईपर्यंतचे तास कसे गेले असतील?

आणखी एक अडचण पलीकडच्या कायद्याची आहे. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे आधीचं नागरिकत्व सोडल्याचा पुरावा लागतो. पाकिस्तानात मात्र २१ वर्षांखालील व्यक्तीला नागरिकत्व सोडता येत नाही. केरळमधल्या दोन बहिणी नेमक्या या फटीत सापडल्या. त्यांनी पासपोर्ट जमा केले होते, पण नागरिकत्व सोडल्याचं प्रमाणपत्र मिळत नव्हतं. उच्च न्यायालयाच्या एकल पीठानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये खंडपीठानं तो फिरवला : पासपोर्ट परत करणं म्हणजे नागरिकत्व सोडणं नव्हे. कायद्याच्या अक्षरानुसार ते बरोबर असेलही. पण ज्या वयात कागद मिळूच शकत नाही, त्या वयाच्या मुलाकडे तो मागायचा, याला काय म्हणायचं?

प्रत्येक व्यक्तीची स्वतंत्र पडताळणी हवी, असं प्रशासन म्हणतं. मूल खरंच याच पालकांचं आहे ना, हे तपासायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण ते पालकांच्याच फाइलमध्ये तपासा आणि प्रमाणपत्रावर मुलांची नावं घाला. सरसकट नको असेल, तर निदान पालकांसोबतच मुलांचा अर्ज दाखल करून घ्या आणि निर्णय एकाच दिवशी द्या.

तोपर्यंत घरच्यांनी काय करायचं?

वाट बघू नका, हे पहिलं. १८ पूर्ण झाल्यावर अल्पवयीनांचा मार्ग बंद होतो. मग कलम ५(१)(ई) खाली प्रौढ म्हणून अर्ज, तोही पालक नोंदणीनं किंवा नागरिकीकरणानं नागरिक झालेले असतील तर. त्यामुळे दोन्ही पालकांची प्रमाणपत्रं आली, की त्याच आठवड्यात मुलाचा अर्ज करा. एका पालकाचंच अडलं असेल, तर कलम ५(४) आहे. त्यात विशेष परिस्थितीत कोणत्याही अल्पवयीनाची नोंदणी करण्याचा अधिकार केंद्राला आहे. तोपर्यंत मुलाचा व्हिसा आणि मूळ देशाचा पासपोर्ट संपू देऊ नका. उर्दू किंवा सिंधी दाखल्यांचं भाषांतर करताना नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा. अर्ध्या फाइली एका 'आय' आणि दोन 'ई'च्या फरकावर परत येतात.

स्टेशनबाहेरच्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात कुणी म्हणालं, 'जन्मदाखला आहे ना, जन्मानं टाकून देऊ', तर उठून बाहेर या. नागरिक नसताना राष्ट्रीयत्व लपवून पासपोर्टसाठी अर्ज केला, तर पासपोर्ट कायद्यात किमान एक ते कमाल पाच वर्षं कैद आणि दंड आहे. फॉर्म भरून देणारा त्यात तुमच्यासोबत येणार नाही.

मुलाचं नोंदणी प्रमाणपत्र आल्यावर अर्जात 'नोंदणी/नागरिकीकरण' हा पर्याय निवडा आणि ठाण्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात मूळ प्रमाणपत्र घेऊन जा. नोंदणीनं नागरिक झालेल्यांना तत्काळ सेवा मिळत नाही, त्यामुळे तिकिटं आधी काढू नका. अल्पवयीनांचा पासपोर्ट पाच वर्षं किंवा १८ पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर चालतो. १५ ते १८ वयात पूर्ण दहा वर्षांचा पर्याय असतो, तो अर्जात स्वतः निवडावा लागतो.