अंगणवाडीत मदतनीस नसेल तर शिकवणं का थांबतं?

हिंगोली जिल्ह्यात हळदीची काढणी सुरू झाली की आई-बाप सकाळीच शेतात जातात. दिवाळीच्या आसपास तांड्या-वस्त्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्याही निघतात. मागे राहिलेल्या तीन ते सहा वर्षांच्या पोरांना सांभाळणारी सरकारी जागा गावात एकच, अंगणवाडी.

नियमाने तिथे दोघी असतात. सेविका शिकवते. मदतनीस पोरांना घरून आणते, खिचडी शिजवते, झाडलोट करते, शी-शू बघते. मदतनिसाचं पद रिकामं राहिलं की ही सगळी कामं सेविकेवर येतात. गृहभेटी, वजन-उंची, लसीकरण आणि २०२१ पासून पोषण ट्रॅकर अ‍ॅपमधल्या नोंदी तिच्याकडे आधीपासूनच आहेत. आहार चुकवता येत नाही, नोंदही चुकवता येत नाही. मग काय मागे पडतं? गाणी, गोष्टी, खेळ, म्हणजेच शिक्षण.

गंमत बघा, २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा शिक्षणाचा पाया मानला. २०२३ मध्ये केंद्राने 'पोषण भी पढाई भी' सुरू केलं. सेविकेकडून अपेक्षा शिक्षिकेची, पण मिळतं ते मानधन.

ते किती? २०२३ मध्ये राज्यात सेविकेला १० हजार आणि मदतनिसाला साडेपाच हजार झालं. तीस दिवसांवर वाटले तर मदतनिसाच्या हातात दिवसाला १८३ रुपये. ४ डिसेंबर २०२३ पासून पन्नासहून जास्त दिवस संप चालला, तो मानधन, पेन्शन आणि ग्रॅच्युइटीसाठी. ग्रॅच्युइटीचा कायदा अंगणवाडीच्या महिलांना लागू होतो, हे सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२२ मध्येच सांगितलं होतं. २०२४ मध्ये राज्याने मदतनिसाच्या मानधनात २ हजारांची भर घातली.

पद भरणंही सोपं नाही. उमेदवार स्थानिक रहिवासी हवी आणि बारावी पास हवी. छोट्या वस्तीत अशा किती जणी सापडणार? मिनी अंगणवाडीत तर मदतनिसाचं पदच नव्हतं. राज्याने अशा १३ हजारांहून जास्त केंद्रांना पूर्ण अंगणवाडीचा दर्जा द्यायचं ठरवलं, तेव्हा तितक्याच मदतनीस लागणार हे ओघानं आलं.

त्यात आणखी एक पेच आहे. केंद्राच्या नियमानुसार सेविकांची निम्मी पदं पाच वर्षं अनुभव असलेल्या मदतनिसांतून भरायची आहेत. बढती रास्तच. पण मदतनीस सेविका झाली की तिची जुनी जागा मोकळी होते, आणि जाहिरात, अर्ज, हरकती संपेपर्यंत नवी सेविका चुलीपाशीही एकटी आणि फळ्यापाशीही एकटी.