मत कुठं पडतं, मोजलं कुठं जातं



निवडणुकीचा निकाल लागला की पेपरात रंगीत नकाशा येतो. हा मतदारसंघ या पक्षाचा, तो त्या पक्षाचा. मग चावडीवर, एसटीत, कंपनीच्या कँटीनमध्ये बोललं जातं, "आदिवासी पट्टा अमक्याकडं झुकला." पिंपळे गुरवला भाड्याच्या खोल्यांतून राहणारी जुन्नर-आंबेगाव-खेडकडची आपली पोरंही तेच बोलतात. माझं म्हणणं असं, की आपण कुणाकडं झुकलो हा प्रश्न दुय्यम आहे. आपलं मत कुठल्या रेघेच्या आत पडतं आणि तिथं त्याचं वजन किती, हा प्रश्न पहिला. वनहक्काच्या कामाशी त्याचा थेट संबंध आहे, म्हणून हे लिहितो.

आधी झुकण्याचं बघू. महाराष्ट्रात लोकसभेच्या ४८ जागांपैकी ४ अनुसूचित जमातीसाठी राखीव आहेत: नंदुरबार, दिंडोरी, पालघर आणि गडचिरोली-चिमूर. जून २०२४ च्या निकालात यातल्या तीन जागा महाविकास आघाडीनं जिंकल्या. नंदुरबार आणि गडचिरोली काँग्रेसकडं गेल्या, दिंडोरी शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडं. एकटं पालघर भाजपकडं राहिलं. सगळे म्हणाले, आदिवासी सरकारवर रागावला. पाच महिन्यांनी, नोव्हेंबरात विधानसभा झाली. आदिवासींसाठी राखीव २५ जागांपैकी २२ महायुतीनं घेतल्या. उरलेल्या तीनमध्ये नवापूर आणि आरमोरी काँग्रेसच्या, आणि डहाणू माकपच्या विनोद निकोले यांची. मग तेच लोक म्हणाले, आदिवासी सरकारवर खूश झाला.

पाच महिन्यांत डोंगरात असं काय बदललं? पट्टे मिळाले? दावे निकाली निघाले? लाडक्या बहिणीचे महिन्याला दीड हजार सुरू झाले, ते खरं. बाईच्या हातात पैसा आला, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण वनजमिनीचा प्रश्न जूनमध्ये जिथं होता तिथंच नोव्हेंबरात होता. म्हणजे ज्या प्रश्नासाठी आपण मोर्चे काढतो, तो प्रश्न मतपेटीपर्यंत पोचलाच नाही. डहाणूत तो काही अंशी पोचतो, कारण तिथं संघटना बाराही महिने पाड्यावर असते. इतर ठिकाणी ती निवडणुकीपुरती दिसते.

आता आपल्या जिल्ह्याकडं या. पुणे जिल्ह्यात विधानसभेच्या २१ जागा आहेत. त्यातली एकही अनुसूचित जमातीसाठी राखीव नाही. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात आपण सुमारे साडेतीन लाख होतो, म्हणजे शंभरात चारसुद्धा नाही. पण आपण जिल्हाभर सारखे पसरलेलो नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या तालुक्यांच्या पश्चिम अंगाला, सह्याद्रीच्या कण्याला धरून आपली गावं आहेत. महादेव कोळी, ठाकर, कातकरी. सोयरिकी एकमेकांत, देव एकच, भीमाशंकरची जत्रा एकच.

आणि या एका डोंगराचे तुकडे किती? पलीकडचं अकोले शिर्डी लोकसभेत. कोकणात उतरलं की मुरबाड भिवंडी लोकसभेत. जुन्नर, आंबेगाव, खेड शिरूर लोकसभेत. मावळ आणि खालचं कर्जत मावळ लोकसभेत. मुळशी भोरमधून बारामतीत. पाच खासदार, आणि पाचांपैकी एकालाही आपल्या मतांवाचून अडत नाही. अनुसूचित क्षेत्राची रेघ आणखी निराळी. आंबेगाव आणि जुन्नरचा काही भाग त्यात आहे, तिथं पेसा लागू आहे आणि सरपंच आदिवासीच होतो. शेजारचं खेड आणि मावळ त्यात नाही. ओढ्याच्या अलीकडं पेसा आणि पलीकडं नाही.

विधानसभेलाही तेच. नोव्हेंबर २०२४ मध्ये जुन्नरनं अपक्ष शरद सोनवणे निवडले. आंबेगाव दिलीप वळसे पाटलांकडं राहिलं, अजित पवारांच्या राष्ट्रवादीत. खेड-आळंदीत उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेचे बाबाजी काळे आले. मावळात पुन्हा अजित पवार गटाचे सुनील शेळके. चार शेजारी तालुके, तीन वेगळे निकाल. यात आदिवासींचा कल कुठला? कुणालाच सांगता येणार नाही, कारण आपली मतं चार पेट्यांत विखुरलेली आहेत आणि प्रत्येक पेटीत वरचा थर पूर्वेकडच्या बागायती गावांचा आणि बाजारपेठांचा आहे.

आता शहराचं वजन बघा. पिंपळे गुरव चिंचवड विधानसभेत येतं. चिंचवड, पिंपरी, भोसरी हे मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेतून निघाले, २००९ ला पहिल्यांदा मतदान झालं. आज एकट्या चिंचवडमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मतदार आहेत. आंबेगावात तीन लाखांच्या आसपास. म्हणजे चिंचवडचा एक आमदार आंबेगावच्या दोन आमदारांएवढ्या मतदारांचा. लोकसभेला हे वजन उघड दिसतं. मावळ लोकसभेत पनवेल, कर्जत, उरण, मावळ, चिंचवड, पिंपरी असे सहा विधानसभा मतदारसंघ. २०२४ ला श्रीरंग बारणे ९६ हजारांच्या फरकानं आले. कर्जत आणि उरणमध्ये त्यांचे प्रतिस्पर्धी संजोग वाघेरे पुढं होते. पण चिंचवडनं बारणेंना एवढं मताधिक्य दिलं की तिकडची आघाडी त्यात बुडून गेली. दोघेही उमेदवार पिंपरी-चिंचवडचेच. यात कुणाचा लबाडपणा नाही, हे सरळ गणित आहे. ज्या घरात जेवणारी तोंडं जास्त, त्या घरापुढं उमेदवार जास्त वेळ उभा राहतो.

पवना धरण मावळात आहे आणि त्याचं पाणी पिंपरी-चिंचवडच्या नळाला येतं. बंद जलवाहिनीच्या विरोधात ९ ऑगस्ट २०११ ला मावळातल्या शेतकऱ्यांनी एक्सप्रेस हायवे अडवला, पोलिसांनी गोळ्या चालवल्या, तिघांचा जीव गेला. ९ ऑगस्ट, जगात आदिवासी दिन पाळतात तो दिवस. पाणी देणारा तालुका आणि पाणी पिणारं शहर एकाच लोकसभा मतदारसंघात आहेत. दोघांचा खासदार एकच. अशा भांडणात तो कुणाची बाजू आधी ऐकेल, हे समजायला मोठं शिक्षण लागत नाही.

मग म्हणाल, पक्ष बदलून बघू. तेही झालंय. शिरूरमध्ये २०१९ ला आढळराव पाटील शिवसेनेचे आणि अमोल कोल्हे राष्ट्रवादीचे. २०२४ ला तेच दोघे समोरासमोर, पण आता दोन्ही राष्ट्रवादीतले, एक अजितदादांचा आणि एक शरद पवारांचा. दोन्ही वेळा कोल्हे आले. चिंचवडमध्ये लक्ष्मण जगताप २००९ ला अपक्ष आले, २०१४ आणि २०१९ ला भाजपकडून. जानेवारी २०२३ मध्ये ते वारले, पोटनिवडणुकीत अश्विनी जगताप आल्या, २०२४ ला शंकर जगताप. चिन्हं बदलतात, गट बदलतात, घरं तीच राहतात. म्हणून "कोणता पक्ष" यावर भावाभावांत डोकी फोडून घेऊ नका. कोणी काय लिहून दिलं आणि त्यातलं काय केलं, एवढंच मोजा. अकोले तालुक्यानं २०१९ ला हे करून दाखवलं. वैभव पिचड पक्ष बदलून भाजपकडून उभे राहिले, तेव्हा पिढीजात घराण्याचं नाव असूनही लोकांनी त्यांना घरी बसवलं. राखीव जागा असली म्हणजे काम झालं असं नाही. पण राखीव जागेत निदान हरवायचं की निवडायचं, ते आपल्या हातात येतं.

मत कमी पडतं म्हणजे किती कमी? आंबेगावात वळसे पाटील आणि देवदत्त निकम यांच्यात फरक फक्त १,५२३ मतांचा होता. निकमांचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. त्यांच्याच नावाचा दुसरा एक उमेदवार ट्रम्पेट चिन्हावर उभा होता, त्याला जवळपास तीन हजार मतं पडली. कोण यायला हवं होतं हा माझा मुद्दा नाही. मुद्दा असा की दीड हजार मतं म्हणजे डिंभे धरणामागच्या काही वाड्यावस्त्या. तेवढी आपली माणसं भोसरी, पिंपळे गुरव, चाकणच्या खोल्यांत नक्कीच सापडतील. मतदानाची भरपगारी सुट्टी कायद्यात आहे, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ ख मध्ये, आणि रोजंदारीवाल्यालाही ती लागू आहे. तरी ठेकेदार म्हणतो, "जायचं तर जा, खाडा धरीन." आणि पोरगं जात नाही. त्या दिवशी चार-पाच जणांनी मिळून लेखी मागितलं तर ठेकेदाराला उत्तर द्यावं लागतं. एकट्यानं मागितलं तर नाव कापलं जातं.

इथं सगळ्यात अवघड प्रश्न येतो. नाव गावात ठेवायचं की शहरात? दोन्हीकडं ठेवणं गुन्हा आहे, ते सोडा. बरेच जण म्हणतात, नाव गावातच पाहिजे, नाहीतर जमिनीवरचा हक्क जाईल. हे पुरतं खरं नाही. वनहक्काचा दावा कब्जा, वहिवाट आणि पुराव्यावर ठरतो, १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या. मतदार यादी हा त्यातला एक कागद असू शकतो, हक्काचं मूळ नव्हे. पण दुसरी बाजू नीट ऐका. वनहक्काच्या २०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणे ग्रामसभेला निम्मे सभासद हजर लागतात, आणि हजर असलेल्यांत निदान एक तृतीयांश बाया. यादीत नाव आहे पण माणूस दहा वर्षं पिंपळे गुरवला, असं घरोघर झालं तर कोरम भरायचा कसा? मग अधिकारी वहीत लिहितो, "गणपूर्तीअभावी सभा तहकूब." आपल्याच नावांनी आपलीच सभा मोडते.

माझं मत स्पष्ट सांगतो. जो भातलावणीला आणि सुगीला घरी जातो, ज्याची म्हातारी-म्हातारा गावी आहेत, त्यानं नाव गावात ठेवावं आणि ग्रामसभेला यावंच. वर्षाला चार खाडे झाले तरी चालतील. ज्याची पोरं शहरातल्या शाळेत आहेत, ज्याचं रेशन कार्डही इथलं झालं, त्यानं फॉर्म ८ भरून नाव इथं आणावं आणि इथं गोळा होऊन बोलावं. महापालिकेच्या १२८ नगरसेवकांत अनुसूचित जमातीच्या जागा अवघ्या तीन. पण पाणी डोंगरातून येतं हे शहरातल्या उमेदवाराला तोंडावर सांगणारा मतदार शहरातच लागतो. गावातून ओरडलेलं त्याला ऐकू जात नाही.

आणखी एक. आपल्या पट्ट्याला खासदारापेक्षा जिल्हा परिषदेचा सदस्य जवळचा आहे. उपविभागीय आणि जिल्हास्तरीय वनहक्क समितीत पंचायतीचे तीन-तीन सदस्य असतात, त्यात निदान दोन आदिवासी. दावा मंजूर की नामंजूर, ते तिथं ठरतं. मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. निवडून आलेला सदस्यच नव्हता, तर समितीत आपल्या बाजूनं फाईल उघडा म्हणणार कोण होतं? लोकसभेला आपण ट्रकमधून सभेला जातो आणि गणाच्या निवडणुकीला घरी बसतो. हे उलटं व्हायला हवं.

पुढचं संकट आणि पुढची संधी एकदमच येतेय. जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेवर मतदारसंघांची नवी आखणी व्हायची आहे. लोक शहरात वाढले, म्हणजे जागा शहराकडं सरकणार आणि डोंगराचे मतदारसंघ आणखी लांब-रुंद होणार. आदिवासी राखीव जागा कुठं पडते, तर जिथं आपलं प्रमाण सगळ्यात जास्त तिथं. पश्चिम पट्टा चार तुकड्यांत राहिला तर चारही ठिकाणी आपण थोडेच दिसणार. आखणीचा मसुदा छापून हरकती मागवायचा नियम आहे. त्या वेळी गावोगावचे ठराव तयार हवेत, की डोंगरपट्टा सलग ठेवा.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत ही कामं घ्या. एक, आपल्या मतदान केंद्राचा फॉर्म २० मागवा. त्यात केंद्रवार कुणाला किती मतं पडली ते असतं. तो सभेत मोठ्यानं वाचा, म्हणजे "तुमच्या गावानं आम्हाला मत दिलं नाही" असं दटावणाऱ्याला उत्तर देता येईल. दोन, मोजणीवाला आला की जमातीचं नाव पूर्ण सांगा. महादेव कोळी असाल तर महादेव कोळी, नुसतं कोळी नाही. कातकरी असाल तर कातकरी. शहरातल्या खोलीत मोजले गेलात तरी हेच सांगा. तीन, पट्टा सलग ठेवण्याचा ठराव करून त्याची प्रत बुलेटिनच्या पत्त्यावर पाठवा. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, चारही तालुक्यांचे ठराव एकत्र बांधून ठेवू.

जोहार.