विश्लेषण : दत्तक कुत्र्यासाठी आज्ञापालनाचे वर्ग कशाला?

भटका कुत्रा दत्तक घ्यायचा असेल तर महापालिकेकडे अर्ज करता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात म्हटले. त्यासोबत अटही घातली : दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी अर्जदाराची. ही अट पाळायला माया आणि दोन वेळचे खाणे पुरत नाही. कुत्र्याला आणि त्याहून अधिक घरातल्या माणसांना काही मूलभूत गोष्टी शिकाव्या लागतात. आज्ञापालनाचे प्राथमिक वर्ग त्यासाठीच असतात. मात्र अजूनही ते हौशी लोकांचे चोचले समजले जातात.

दत्तक घेतलेली कुत्री परत का जातात?

कारणे बहुधा साधी असतात. पिल्लू हात चावते, दिवाणखान्यात लघवी करते, दारावरची घंटा वाजली की भुंकत सुटते, लिफ्टमध्ये शेजाऱ्यांच्या अंगावर उडी मारते. मग सोसायटीत तक्रारी होतात आणि काही महिन्यांत त्याच्यासाठी नवे घर शोधणे सुरू होते, नाहीतर त्याला गुपचूप कुठे तरी सोडले जाते. यातील बऱ्याच सवयी न शिकवल्यामुळे जडलेल्या असतात. पाळीव प्राण्याला वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. एवढ्या दंडाचा धाक कुणाला वाटणार? त्यामुळे ती वेळच येऊ न देणे महत्त्वाचे.

वर्गात काय शिकवतात?

नावाला प्रतिसाद देणे, बसणे, थांबणे, बोलावल्यावर येणे, तोंडातली वस्तू सोडणे आणि पट्टा न ओढता चालणे. पद्धत सोपी आहे. हवे ते वागणे घडले की त्याच क्षणी खाऊ किंवा शाबासकी द्यायची. सराव पाच-पाच मिनिटांचा, पण रोजचा. शब्द मराठी असला तरी चालतो, फक्त तो सगळ्यांचा एकच हवा. आजी ‘बस’ म्हणते, नातू ‘सिट’ म्हणतो आणि बाबा नुसतेच ओरडतात, अशा घरात कुत्रा गोंधळतो. सोफ्यावर चढू द्यायचे की नाही, जेवताना ताटातला घास द्यायचा की नाही, हेही घराने आधी ठरवावे लागते. म्हणूनच हा वर्ग माणसांचाही असतो.

सुरुवात केव्हा करावी?

साधारण तिसऱ्या ते बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या जडणघडणीत निर्णायक असतो. या काळात भेटलेली माणसे, आवाज, वाहने पुढे त्याला परकी वाटत नाहीत. सगळ्या लसी होईपर्यंत घराबाहेर काढायचे नाही, असे ठरवले तर हाच काळ निसटतो. पार्व्होची भीती खोटी नाही. त्यावर अमेरिकेतील प्राणी वर्तनतज्ज्ञ पशुवैद्यकांच्या संघटनेने सुचवलेला मार्ग असा : पहिली लस व जंतनाशक देऊन किमान सात दिवस झाले, की सात-आठ आठवड्यांचे पिल्लू स्वच्छ जागेतील वर्गात जाऊ शकते. अर्थात, परिसरातील साथ पाहून पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावाच. रस्त्यावरून आलेल्या मोठ्या कुत्र्याला मात्र आधी घरात रुळू द्यावे. तोही शिकतो, फक्त वेळ लागतो.

धाक दाखवून शिकवले तर?

गळा आवळणारी साखळी, वर्तमानपत्राची गुंडाळी, चापट हे उपाय अजूनही सुचवले जातात. याच संघटनेने २०२१ मध्ये केवळ बक्षीस देऊन शिकवण्याच्या पद्धतींची शिफारस केली. मार खाल्लेला कुत्रा बऱ्याचदा गुरगुरणे थांबवतो, पण त्याची भीती जात नाही. इशारा न देता चावणारा कुत्रा असाच घडू शकतो आणि घरात लहान मूल असेल तर हा धोका मोठा आहे.

प्रशिक्षक घरी येतो, ते पुरेसे नाही का?

शहरांत हीच पद्धत रुळली आहे. प्रशिक्षक अर्धा तास कुत्र्याला घेऊन जातो आणि कुत्रा त्याचेच ऐकतो. मालक होता तिथेच राहतो. शिवाय कुत्र्यांच्या पैदाशीसाठी २०१७ चे आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ चे केंद्रीय नियम आहेत, तसे प्रशिक्षकांसाठी नाहीत. त्यामुळे पैसे भरण्याआधी एक वर्ग पाहावा. मालकाला बाहेर थांबवणारा किंवा ‘आठ दिवसांत खात्रीने’ म्हणणारा प्रशिक्षक टाळावा.

पालिकांनी काय करावे?

मुंबई, पुण्यात पाळीव कुत्र्यासाठी पालिकेचा परवाना लागतो आणि त्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला मागितला जातो. दत्तक देतानाच चार रविवारचा प्राथमिक वर्ग जोडला, पूर्ण करणाऱ्याला परवाना शुल्कात सवलत दिली, तर फार खर्च येणार नाही. मोकळे मैदान, पशुवैद्यक आणि प्राणी कल्याण संस्थांचे अनुभवी कार्यकर्ते एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. गावाकडच्या कुत्र्यांना कोण शिकवायला जाते, असा आक्षेप येईल. पण गावातल्या कुत्र्याला अंगण असते, नको वाटले तर दूर जाण्याची मोकळीक असते. चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती नाही. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला कुत्रा पाळण्यावर किंवा त्याच्या लिफ्टवापरावर बंदी घालता येत नाही. या हक्काचा शेजाऱ्यांना जाच होऊ नये, हे पाहणे पाळणाऱ्यांचे काम आहे. चार रविवार त्यासाठी जास्त नाहीत.