रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी

भिलाई-दुर्गमधल्या आणि इथून नागपूर-पुण्याला किंवा परदेशी गेलेल्या सर्व मराठी कुटुंबांना,

दिवाळीची आवराआवर तोंडावर आली आहे. माळे रिकामे होतील, पलंगाखालची पत्र्याची ट्रंक बाहेर निघेल आणि आतले कागद किलोच्या भावाने तराजूत पडतील. कळकळीची विनंती आहे : यंदा ती ट्रंक न उघडता कागद विकू नका.

राजेरजवाड्यांची काळजी नाही. नागपूरकर भोसल्यांचे बिंबाजी रतनपूरला राहून छत्तीसगडचा कारभार पाहत, हे पुस्तकांत आहे. माधवराव सप्र्यांनी 1900 साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले, तेही नोंदलेले आहे. रायपूरचे महंत घासीदास संग्रहालय तर 1875 पासूनचे. पण वळकटी आणि ट्रंक घेऊन दुर्गच्या फलाटावर उतरलेला आपला फिटर, ड्राफ्ट्समन, शाळामास्तर किंवा नर्स तिथल्या कुठल्या कपाटात आहे? त्यांचा इतिहास आपल्याच घरांत पडून आहे.

2 फेब्रुवारी 1955 ला भारत आणि सोव्हिएत रशियाचा भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हा भिलाई ज्या मध्य प्रदेशात होते त्याची राजधानी नागपूर होती. पुढच्याच वर्षी, 1 नोव्हेंबर 1956 ला, राज्यांची फेररचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, भिलाई भोपाळकडे. 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. 2000 साली राज्य पुन्हा बदलले. घर तेच, पण नागपूरच्या आजीच्या पत्रावर ‘मध्य प्रदेश’ आणि राखीच्या पाकिटावर ‘छत्तीसगड’. पत्राइतकेच पाकीटही जपायचे, ते यासाठी.

घाई का? 1959 मध्ये विशीत असलेली माणसे आज नव्वदीच्या घरात आहेत. निवृत्ती आली की क्वार्टर सोडायचे, हे कंपनीच्या गावात ठरलेलेच. प्रत्येक बदलीत, प्रत्येक घर हलवताना एक गठ्ठा कमी होतो. ब्लास्ट फर्नेससमोर उभ्या दहा जणांच्या फोटोत कोण कोण आहे, हे सांगू शकणारा एकच माणूस उरला असेल, तर त्याच्यानंतर तो फोटो नुसता दहा अनोळखी चेहऱ्यांचा.

म्हणून एवढे करा :

1. घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ फोटो घेऊन बसा. नावे, साल, सेक्टर, सगळे विचारा आणि फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, न दाबता लिहा. पेनाची शाई पुढे उमटते.

2. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. दोन्ही पुढे कागदाच्या मुळावर येतात. जुन्या पोथ्यांसारखे सुती बासनात बांधून कोरड्या जागी ठेवा.

3. आजोबांना नाइट शिफ्टबद्दल बोलते करा आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा. आजीला हमखास विचारा : पहिले हळदीकुंकू कुणाकडे झाले, शेजारच्या बंगाली, तेलुगू, मल्याळी बायकांशी ती पहिल्यांदा कुठल्या भाषेत बोलली? भिलाईला ‘मिनी इंडिया’ म्हणतात, तो अशाच ओट्यांवर घडला.

4. क्वार्टर मिळाल्याचा कागद, गेटपास, गणेशोत्सवाचे पावतीपुस्तक, मंडळाच्या नाटकाचे हस्तपत्रक, रशियन तज्ज्ञाने निरोपाला दिलेली लाकडी बाहुली यांतले काहीच क्षुल्लक समजू नका. अपघाताची तार, संपाच्या दिवसांतली उधारीची वहीसुद्धा. फक्त सत्कारांचे फोटो ठेवले तर तो इतिहास नव्हे, अल्बम होईल.

हे सगळे एकत्र जपायलाही हवे; त्यासाठी मूळ वस्तू द्यायचीच असे नाही. छायाप्रत, नाव आणि दोन ओळींची माहिती पुरे. आपापल्या भागातल्या महाराष्ट्र मंडळांना आग्रह आहे : एक खोली आणि दोन कपाटे या कामासाठी मोकळी करा, आलेल्या प्रत्येक वस्तूची वहीत नोंद करा, देणाऱ्याला पोच द्या. छोट्या संग्रहालयाची सुरुवात एवढ्यानेही होते.

आणि त्या खोलीतली पहिली जागा आपली नसावी. कारखाना उभा राहिला तो छत्तीसगडी शेतकऱ्यांच्या जमिनीवर. त्यासाठी गावे उठली, धानाची शेते गेली, तेव्हा आपले सेक्टर वसले. त्या घरांतल्या म्हाताऱ्यांकडेही जा, त्यांच्याच बोलीत ऐका. त्यांचे गाव कुठे होते हे न सांगता आपण इथे कसे आलो, हे सांगताच येणार नाही.

भिलाईचे रूळ देशभर पसरले. ते ज्यांनी घडवले त्यांची नावे निदान एका वहीत असावीत. दिवाळी येईलच, फराळाआधी ट्रंक उघडा.

आपले,
भिलाईच्या मराठी घरांत वाढलेले आम्ही काही जण