रोजा सुटतो, सिस्टरची ड्युटी सुटत नाही

गेल्या रमजानमध्ये आमच्या मामूंना एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात ठेवले होते. बाहेरच्या बाकड्यावर आम्ही खजूर आणि पाण्याची बाटली घेऊन बसलो होतो. मगरिबची अजान झाली, आम्ही रोजा सोडला. आतली एक सिस्टरही रोजेदार होती. तिच्यासाठी दोन खजूर पाठवले. तासाभराने मामूंना भेटायला आत गेलो, तेव्हा ते खजूर टेबलावर तसेच होते. घोटभर पाण्यावर रोजा सोडून ती पुन्हा खाटेपाशी उभी राहिली होती. रोज इफ्तारच्या वेळी तिचे रुग्ण सांभाळणाऱ्या दुसऱ्या सिस्टरला त्या दिवशी वेगळ्या वॉर्डात पाठवले होते. ती मैत्रीण मुस्लिम नव्हती, पण इफ्तारची वेळ तिला तोंडपाठ होती.

रोजा माणसाला भूक आणि तहान शिकवतो. पण त्या तहानेला शेवट असतो, घड्याळात लिहिलेला. आयसीयूतल्या सिस्टरच्या विश्रांतीची वेळ मात्र कोणत्याच घड्याळात नसते.

तिचे काम म्हणजे नुसती इंजेक्शने देणे नव्हे. दर तासाला नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, लघवीचे प्रमाण नोंदवायचे. व्हेंटिलेटरच्या नळीतला कफ काढायचा. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी रुग्णाला कुशीवर वळवायचे. औषधाच्या पंपाचा अलार्म वाजला की धावायचे. म्हणूनच व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे प्रत्येक पाळीत एक परिचारिका असावी, हे तत्त्व मानले जाते. प्रत्यक्षात तिच्याकडे दोन-तीन खाटा येतात. मग काहीतरी राहून जाते, आणि ते राहून गेलेले ती घरी घेऊन जाते. रात्रपाळी संपली तरी नोंदी आणि पुढच्या पाळीला माहिती देण्यात तास जातो. घरी मुलांची शाळा आणि स्वयंपाक वाट पाहत असतो. झोप राहते ती राहतेच.

कामाचे समाधान कुठे हरवते, याचे उत्तर इथे आहे. सिस्टरला रुग्णाचा कंटाळा येत नाही. जशी सेवा करायला शिकली, तशी करता येत नाही, याने ती आतून खचते.

आपण तिच्यासाठी काय केले? 2020 मध्ये टाळ्या-थाळ्या वाजवल्या, रुग्णालयांवर हेलिकॉप्टरमधून फुले उधळली. त्याआधी 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने केंद्राने समिती नेमली होती. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा किमान 20,000 रुपये, तर दोनशेहून अधिक खाटा असतील तिथे सरकारी परिचारिकेइतके वेतन द्यावे, अशी तिची शिफारस होती. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली. अनेक छोट्या रुग्णालयांत तो आकडा आजही स्वप्नच आहे.

इस्लामच्या इतिहासात हजरत रुफैदा यांचे नाव आदराने घेतले जाते. मदिनेत त्यांच्या तंबूत जखमींवर उपचार होत. खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या हजरत सअद बिन मुआज यांना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याच तंबूत ठेवायला सांगितले. सेवेचा मान इतका मोठा आहे. पण कष्टकऱ्याची मजुरी त्याचा घाम वाळण्याआधी देण्याची ताकीदही प्रेषितांचीच आहे. सवाबाचे नाव सांगून कुणाचा हक्क बुडवता येत नाही. हुकुकुल इबाद, म्हणजे माणसांचे माणसांवरचे हक्क, यात सिस्टरचा हक्कही आलाच.

मागणी फार मोठी नाही. रुग्णांच्या प्रमाणात परिचारिका, जेवणाच्या वेळी जागा घेणारी बदली, महिन्याच्या सुरुवातीलाच हाती पडणारे ड्युटीचे वेळापत्रक आणि जादा तासांचा मोबदला. जी रुग्णालये आयसीयूच्या खाटेचे दिवसाला हजारो रुपये घेतात, त्यांना हे अशक्य नाही. आणि आपण नातेवाईकांनीही एवढे करावे: बिलाचा राग सिस्टरवर काढू नये. बिल तिने बनवलेले नसते.

मामू बरे होऊन घरी आले. आज इफ्तारला दस्तरखानावर बसतील. टेबलावर राहिलेले ते दोन खजूर मात्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. आमच्या माणसाला जगवणाऱ्या तिला पाच मिनिटे बसता यावे, एवढी सोय आपण करू शकत नसू, तर आपल्या रोजाने आपल्याला काय शिकवले?