लय, देह आणि संमती

बॅलेतील प्रेम आणि विवाह यांविषयी लिहिताना समीक्षा एक सोयीस्कर गृहीतक स्वीकारते : भावना आधी मनात असते आणि नर्तकाची हालचाल तिला नंतर दृश्य रूप देते. त्यामुळे नृत्यसमीक्षा कथासाराच्या पातळीवर घसरते. ‘ले नोस’ या एकाच संगीतरचनेवरील दोन बॅले ही भूमिका खोडून काढण्यास पुरेसे आहेत.

स्त्राविन्स्कीच्या या रचनेवर ब्रोनिस्लावा निजिन्स्का यांनी १९२३ मध्ये पॅरिसमध्ये रशियन ग्रामीण विवाह उभा केला. वधूच्या लांबच लांब वेण्या सख्यांच्या हाती असतात. वधूवर बहुतांशी निश्चल, नाचतो तो गाव. वराचे शब्द आधी टेनर गातो, अखेरीस बास. मग जिच्या ‘अंतरंगा’चा शोध टीकाकार घेतात, ती व्यक्ती तेथे आहेच कोठे?

याउलट, मर्ढेकरांच्या लयविचाराचा आधार घेऊन नृत्याला केवळ संवाद, विरोध व समतोल यांची रचना मानणारेही अर्ध्या वाटेवर थांबतात. समूहाच्या आवर्तनांतील ही कठोर शिस्त म्हणजेच रूढीची सत्ता होय. येथे लय आशयाचे वाहन नसून ती स्वतःच आशय आहे.

आंजलँ प्रेल्जोकाज यांच्या १९८९ च्या ‘नोस’मध्ये तेच संगीत, पाच जोडपी आणि वधूवेशातील पाच बाहुल्या आहेत. बाहुल्या हवेत भिरकावल्या जातात. त्यावर ‘स्त्रीचे वस्तुकरण’ असा शिक्का मारून मोकळे होणे सोपे आहे. परंतु प्रतीक ओळखणे म्हणजे कलाकृती वाचणे नव्हे. बाहुलीला वजन असते, इच्छा नसते. नर्तिका मात्र स्वतःला झोकून देते. त्या झेपेत इच्छा किती आणि सक्ती किती, हे ठरवता येत नाही. हा संभ्रम शब्दांच्या आधी देहांतच निर्माण झालेला असतो.

निश्चल वधूत ‘लज्जा’ आणि झेपेत ‘समर्पण’ वाचणारी समीक्षा म्हणूनच निरुपद्रवी नाही. मुलीच्या मौनालाच होकार समजण्याची आपल्या समाजाची जुनी सवय ती सौंदर्यशास्त्राच्या परिभाषेत चालू ठेवते. देह काय करतो, हे पाहण्याआधी त्याला काय वाटते हे ठरवून टाकणे, हा केवळ वाचनाचा दोष नव्हे. विवाहसंस्थेनेही आजवर हेच केले आहे.